इस्त्रीची घडी आणि दुचाकीची वाट

कार्यालयाला कर्मचारी नीटनेटका हवा असतो आणि कायद्याला तो हेल्मेट घातलेला हवा असतो. या दोन अपेक्षांमधले अंतर मात्र दुचाकीस्वाराला स्वतःच, आणि अनेकदा स्वतःच्या सुरक्षिततेची किंमत मोजून, पार करावे लागते. नव्या कामगार संहितेतील एका छोट्याशा तरतुदीने या दुर्लक्षित प्रश्नाकडे गांभीर्याने पाहण्याची संधी दिली आहे.

प्रतिनिधी

पुण्यात शिवाजीनगर न्यायालयाचे कामकाज सुरू होण्याआधी आवाराबाहेरच्या दुचाकींच्या रांगेजवळ दहा मिनिटे उभे राहावे. एक तरुण वकील गाडी स्टँडवर लावतो, हेल्मेट काढतो आणि गाडीच्याच आरशात पाहून भांग पाडतो. पाठीवरच्या सॅकमधून काळा कोट बाहेर येतो. तो दोनदा झटकला जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला पांढरा बँड गळ्याशी बांधला जातो. शेजारी एक वकीलबाई तोंडावरचा स्कार्फ, हातमोजे आणि उन्हापासून वाचवणारा सनकोट एकेक करून उतरवून डिकीत कोंबत असतात. पाच मिनिटांपूर्वी धुरात, धुळीत आणि वाहनांच्या गर्दीत असलेली ही माणसे आता न्यायासनासमोर उभी राहण्यास सज्ज झालेली असतात.

हेच दृश्य थोड्याफार फरकाने बँकांच्या वाहनतळात, रुग्णालयाबाहेर टाय सारखा करणाऱ्या औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींमध्ये आणि शाळेच्या फाटकाशी खोचलेला पदर सोडणाऱ्या शिक्षिकांमध्ये दिसते. वाहनतळ हीच या शहरातल्या नोकरदारांची वेशांतराची खोली झाली आहे. सवयीमुळे त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पण या सवयीच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते, म्हणजे जवळपास निम्मे. हेल्मेट न घातल्याच्या वर्गात मोडणाऱ्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. हेल्मेट टाळण्याची कारणे अनेक असतात. आळस असतो, उकाडा असतो, 'जवळच तर जायचे आहे' ही समजूत असते. परंतु 'कार्यालयात पोचेपर्यंत केसांची दशा होते' हे कारणही शहरातल्या कोणत्याही नोकरदाराच्या तोंडून ऐकू येते. त्याला हसून सोडून देणे सोपे आहे. ज्याला दिवसभर ग्राहकांसमोर बसायचे आहे आणि ज्याच्या 'प्रेझेंटेबल' दिसण्याची नोंद वरिष्ठांच्या मनात होत असते, त्याच्यासाठी ते हसण्यावारी नेण्यासारखे नसते.

पोशाख कोण ठरवतो?

व्यावसायिक पोशाखाचे संकेत ठरवणारे आणि तो पोशाख घालून रस्त्यावर उतरणारे हे दोन वेगळे वर्ग आहेत, हे या प्रश्नाचे मूळ आहे. वकिलांचेच उदाहरण घ्यावे. भारतीय बार कौन्सिलच्या नियमांनुसार काळा कोट, पांढरा सदरा आणि पांढरा बँड अनिवार्य आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयात त्यावर गाऊनही चढतो. हा वेश ब्रिटिश परंपरेतून आला. जिथे तो घडला तिथले हवामान वेगळे होते, आणि तो घालणारा मनुष्य घोडागाडीतून किंवा मोटारीतून न्यायालयात उतरत असे. सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, अशी सवलत बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. म्हणजे परिस्थिती पाहून पोशाखाचा नियम वाकवता येतो, हे तत्त्व मान्य झालेले आहे. ते उन्हापुरते मान्य झाले. रस्त्यापर्यंत मात्र पोचले नाही.

शिक्षकांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक ठळक आहे. १५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता आणि दुपट्टा, तर शिक्षकांनी सदरा आत खोचून पँट घालावी. जीन्स व टी-शर्ट नको, असे त्यांचे स्वरूप होते. विद्यार्थ्यांवर चांगला संस्कार व्हावा हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु सकाळी सातच्या शाळेसाठी पंधरा-वीस किलोमीटर दुचाकी चालवत येणारी शिक्षिका या सूचनांच्या विचारात कुठेही नव्हती. साध्या जीन्सला कोणी सुरक्षा कवच म्हणणार नाही, तरी तिचे जाड कापड डांबरावर घासले गेल्यास पातळ टेरिकॉटपेक्षा थोडे अधिक टिकते. कृत्रिम धाग्याचे कापड घर्षणाच्या उष्णतेने वितळून कातडीला चिकटूही शकते. म्हणजे रोजच्या कपड्यांत जे त्यातल्या त्यात मजबूत, तेच अनौपचारिक म्हणून नाकारले जाते.

खासगी क्षेत्रात लेखी नियम नसला तरी अलिखित नियम असतो आणि तो अधिक कडक असतो. टाय, पॉलिश केलेले कातडी बूट, फिकट रंगाचा सदरा. ज्याने रोज मोटारसायकल चालवली आहे त्याला ठाऊक असते, की डाव्या बुटाच्या चवड्यावर गिअरच्या खोडीचा काळा ओरखडा कायमचा उमटतो आणि फिकट सदऱ्याची कॉलर दुपारपर्यंत धुराने करडी होते. टाय वाऱ्याने तोंडावर उडू नये म्हणून दोन गुंड्यांच्या मधून सदऱ्यात खोचावा लागतो. हे झाले गमतीचे. गुळगुळीत तळव्याच्या बुटांचे तसे नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीला हा धडा नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात मिळाला. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलाखतीला जायचे होते. नेहमीचे जाड जाकीट घरीच ठेवले, कारण तिथे ते काढून ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता. नवे कातडी बूट घातले. सिग्नलला पाय टेकवला तो ओल्या पट्ट्यावरून सरकला आणि गाडीसह आडवा झालो. मागून कोणी भरधाव येत नव्हते म्हणून निभावले. कोपर सोलले, गुडघ्यावर पँट फाटली. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार जखमेचा नव्हता, 'आता या अवतारात आत कसे जायचे' हा होता. पोशाखाचे दडपण माणसाच्या मनावर किती असते, हे त्या दिवशी कळले.

पदर, दुपट्टा आणि चाक

पोशाख आणि दुचाकी यांचे वैर कायद्याला अगदीच अपरिचित नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ वा नियम सांगतो, की प्रत्येक मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ आणि पाय ठेवायची पट्टी असावी, तसेच त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे. आपण ज्याला 'साडी गार्ड' म्हणतो ती जाळी या नियमाची देन आहे. गाडी अधिक 'स्पोर्टी' दिसावी म्हणून ती काढून टाकणारे तरुण पुष्कळ आहेत. पुढे याच गाडीवर घरातली माणसे मागे बसतात, याचा विसर पडतो.

पण हे संरक्षण मागच्या आसनापुरते आणि चाकाच्या एका भागापुरते आहे. वाऱ्याने उडणारा दुपट्टा जाळीच्या मागून किंवा वरूनही चाकात जाऊ शकतो. तो गळ्याभोवती गुंडाळलेला असेल तर परिणाम प्राणघातक ठरतो. यावर उपाय साधा आहे. दुपट्टा आणि पदर कमरेला घट्ट खोचावा किंवा पिशवीत ठेवून कार्यालयात गेल्यावर घ्यावा. हे प्रत्येकीला ठाऊकही असते. परंतु शाळेच्या फाटकातून आत शिरताना दुपट्टा अंगावर असलाच पाहिजे आणि तो नीट करण्यासाठी आत आरशाची एक खोलीही नसेल, तर तो पिशवीत राहणार नाही. अंबाड्यावर नीट न बसणाऱ्या आणि म्हणून पट्टा न लावता नुसत्याच ठेवलेल्या हेल्मेटचेही हेच आहे. असे हेल्मेट पोलिसांच्या नजरेपासून वाचवते, रस्त्यापासून नाही.

स्कूटरचा जन्म आणि आपला विसर

गंमत अशी, की कपडे न मळता कामावर पोचणे हा प्रश्न दुचाकीच्या इतिहासात एकदा विचारपूर्वक सोडवला गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये इटलीच्या पियाजिओ कंपनीने 'व्हेस्पा' आणली. तिचा आराखडा कोराडिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने केला होता. त्याला मोटारसायकल आवडत नसे. ती कपडे खराब करते आणि तिच्यावर टांग टाकून बसावे लागते, हे त्याचे आक्षेप होते. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकले, तेलकट साखळी काढून टाकली, पायांपुढे चिखल अडवणारी ढाल दिली आणि मध्ये पाय ठेवायला सपाट जागा सोडली. नोकरदार माणूस सुटाबुटात आणि स्त्री स्कर्टमध्ये बसू शकेल, असे ते वाहन होते.

याच परंपरेतील बजाज कंपनीची 'चेतक' १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि मध्यमवर्गीय मराठी घराची शान बनली. पुढच्या डिकीत जेवणाचा डबा, मागे बसलेली सौभाग्यवती, पुढे उभे मूल आणि चालवणारा इस्त्रीच्या कपड्यांतला कारकून किंवा शिक्षक, हे चित्र एका पिढीच्या स्मरणात आहे. हेल्मेट त्या चित्रात नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

नव्वदच्या दशकात इंधन वाचवणाऱ्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींनी बाजार व्यापला. १९९४ मध्ये आलेली 'स्प्लेंडर' आणि २००१ मधील 'पल्सर' हे त्या बदलाचे टप्पे. पुढे बजाजने स्कूटरचे उत्पादनच थांबवले आणि 'चेतक' हे नाव परतले ते २०२० मध्ये, विजेवर चालणाऱ्या गाडीच्या रूपात. मधल्या काळात बिनागिअरच्या स्कूटरनी, विशेषतः नोकरी करणाऱ्या स्त्रियांमुळे, आपली जागा पुन्हा मिळवली. आसनाखालची डिकी हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तरीही लांबचा पल्ला, खराब रस्ते आणि इंधनाचा खर्च यांचे गणित ज्यांना रोज मांडावे लागते, ते मोटारसायकलच घेतात. वाहन बदलले, कामावरच्या पोशाखाची अपेक्षा मात्र 'चेतक'च्या काळातलीच राहिली.

पावसाळ्याचे चार महिने

उन्हाळा आणि धूळ कशीबशी सोसता येते. खरी कसोटी जून ते सप्टेंबर. दोन भागांचा रेनकोट कितीही चांगला असला, तरी पँटचे पायघोळ आणि मोजे भिजतातच. जाणकार मंडळी मोज्यांचा जादा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात, पायांत रबरी पावसाळी चपला घालतात आणि बूट कार्यालयात मेजाखाली ठेवतात. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. निथळणारा रेनकोट टांगायचा कुठे? जिन्याच्या कठड्यावर टाकला तर व्यवस्थापक आक्षेप घेतो. गाडीवर ठेवला तर परतताना तो आतूनही भिजलेला असतो. हेल्मेट आरशाला अडकवले तर चोरीला जाते, आणि साखळीने बांधून उलटे राहिले तर पाण्याने भरते. ओले हेल्मेट संध्याकाळी डोक्यावर चढवण्यापेक्षा हातात अडकवून घरी जाणारे म्हणूनच दिसतात. यातले प्रत्येक कारण क्षुल्लक आहे. पण अशा क्षुल्लक कारणांच्या बेरजेतूनच माणूस एखाद्या दिवशी असुरक्षित रस्त्यावर उतरतो.

प्रवास हा कामाचाच भाग

'कर्मचारी कसा येतो हा त्याचा प्रश्न', ही मालकवर्गाची पारंपरिक भूमिका आता कायद्याच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. साखर कारखान्यातील एक रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला असता, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला होता. घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातील अपघाताचा वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांच्या दृष्टीने नोकरीशी संबंध सिद्ध होत असेल, तर तो नोकरीच्या ओघात घडला असे मानता येईल, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. सामाजिक सुरक्षा संहितेतही याच आशयाची तरतूद आहे. म्हणजे भरपाईच्या वेळी प्रवास हा कामाचा भाग मानला जाऊ शकतो. मग सुविधा देण्याच्या वेळी तो खासगी मामला कसा?

इथेच एका दुर्लक्षित तरतुदीकडे लक्ष वेधावेसे वाटते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ४३ व्या कलमात, कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवण्यासाठी आणि ओले कपडे वाळवण्यासाठी जागा देण्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला होता. कामगाराचे कपडे ही मालकाची काही अंशी जबाबदारी आहे, हे स्वतंत्र भारताच्या पहिल्या कायदेकर्त्यांना सुचले होते. पण तो हक्क कारखान्याच्या फाटकाच्या आतला होता. कार्यालयात बसणारा त्यात धरलेला नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या २४ व्या कलमात हीच तरतूद आली आहे, आणि तिच्यासोबत स्नानगृहे व लॉकर कक्षांचाही उल्लेख आहे. मोठा फरक असा, की ती केवळ कारखान्यांपुरती नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योग, व्यापार व व्यवसायाच्या आस्थापना या संहितेच्या व्याख्येत येतात, आणि औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसारखे विक्रीवृद्धी कर्मचारी 'कामगार' या संज्ञेत स्पष्टपणे समाविष्ट आहेत. अर्थात कोणत्या आस्थापनेला नेमके काय द्यावे लागेल, हे सरकारने विहित करायचे आहे. म्हणून ही तरतूद जिवंत राहणार की कागदावर, हे नियमांच्या शब्दांवर आणि कामगार संघटनांच्या जागरूकतेवर अवलंबून राहील. केंद्र व राज्य शासनाच्या कार्यालयांना ही संहिता लागू नाही. वकील तर कोणाचाच नोकर नाही. त्यांच्यासाठी प्रशासनाला आणि वकील संघटनांना स्वतंत्रपणे विचार करावा लागेल.

आक्षेप आणि उत्तरे

यावर अपेक्षित असलेले आक्षेप तीन. पहिला जागेचा. पुण्या-मुंबईत चौरस फुटाचा भाव पाहता लॉकर कक्ष ही चैन वाटेल. पण भिंतीला खुंट्या, जिन्याखाली हेल्मेटची मांडणी, ओले रेनकोट टांगायला एक दांडी, आरसा आणि इस्त्री एवढ्याला एका छोट्या खोलीपेक्षा जास्त जागा लागत नाही. बैठकांच्या दालनात वर्षाला जेवढी फुलदाण्यांची हौस भागवली जाते, तेवढ्यात हे बसते.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. पोशाख सैल झाला की काम सैल होते, असे मानणारे व्यवस्थापक आहेत. त्यांची शिस्त मोडण्याची गरजच नाही. कार्यालयात टाय हवा तर तो कार्यालयात बांधू द्यावा. रस्त्यावर बांधून येण्याची अपेक्षा ठेवू नये. पोचण्याची वेळ आणि कामाला बसण्याची वेळ यांत दहा मिनिटांचे अंतर मान्य केले, तर अर्धा प्रश्न सुटतो.

तिसरा आक्षेप असा, की मेट्रो आणि बस सुधारल्या म्हणजे हे सगळे आपोआप संपेल. यात तथ्य आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि आज न्यायालयाच्या दाराशी तिचे स्थानक आहे. ज्या वकिलाचे घर तिच्या मार्गावर आहे, त्याचा कोट आता घडी न मोडता पोचतो. पण घरापासून स्थानकापर्यंतचा पल्ला अनेकांसाठी दुचाकीचाच आहे. औषध प्रतिनिधी, विमा सल्लागार, बँकेचे कर्जवसुली अधिकारी यांचे तर कामच दुचाकीवर चालते. त्यांच्यासाठी मेट्रो हे उत्तर नाही.

हेल्मेटसक्तीवर पुण्यात वर्षानुवर्षे वाद झडले, मोर्चे निघाले, कृती समित्या स्थापन झाल्या. त्या सगळ्या गदारोळात चर्चा कायम दोनच पक्षांत राहिली: पोलीस आणि दुचाकीस्वार. तिसरा पक्ष, म्हणजे सकाळी दहा वाजता त्या दुचाकीस्वाराची टापटीप तपासणारा मालक, कधी चर्चेत आलाच नाही. तो आता आला पाहिजे. ज्याने इस्त्रीची घडी मागितली, त्याने ती कुठे घालायची याची जागाही द्यावी. एक खुंटी आणि एक आरसा ही फार मोठी मागणी नाही. त्यांच्या अभावी घरी राहिलेले जाकीट आणि हातात अडकवलेले हेल्मेट यांची किंमत मात्र एखाद्या कुटुंबाला आयुष्यभर मोजावी लागते.